पहिल्या नंबरचे पैसे

मृग लागला की आमच्या ढाणकीकडं माणसाच्या हाती रुपया उरत नाही. कापसाचा पैसा होळीच्या आतच संपलेला असतो. नवा कापूस घरात यायला दसरा उजाडतो. मधल्या दिवसांत बियाणं उधार, खत उधार, बैलाची ढेप उधार. आणि नेमका ह्याच दिवसांत दहावीचा निकाल लागून कॉलेजचे प्रवेश सुरू होतात. ज्यानं कुणी शाळा-कॉलेजाचं वेळापत्रक बसवलं, त्यानं वावराचं वेळापत्रक कधी पाहिलं नसावं.

ह्याच दिवसांत गावोगावी गुणगौरवाचे कार्यक्रम होतात. शाल, नारळ, ट्रॉफी, फोटो. मी जन्मभर मास्तरकी केली, त्यामुळं असल्या कार्यक्रमांत मीही पुष्कळदा खुर्चीवर बसलो, पुष्कळदा भाषण ठोकलं. शाल-नारळाबद्दल माझी तक्रार नाही. लेकराचं कौतुक झालंच पाहिजे. माझं भांडण आहे ते एका विशिष्ट बक्षिसाशी. 'शाळेतून पहिल्या येणाऱ्यास महाविद्यालयीन शिक्षणासाठी शिष्यवृत्ती' असं ते बक्षीस असतं. ऐकायला इतकं चांगलं की त्याला नावं ठेवणारा माणूस करंटाच वाटावा. पण हे बक्षीस मला स्वतःला मिळालेलं आहे, आणि ते कसं मिळालं ते सांगितल्याशिवाय माझं म्हणणं पटायचं नाही.

साल १९८४. आमच्या भागातल्या एका शाळेत मी दहावीला होतो. शाळेचं नाव घेत नाही, कारण नियम तेव्हा बऱ्याच ठिकाणी असाच होता आणि आजही आहे. एका व्यापाऱ्यानं वडिलांच्या नावानं शाळेकडं ठेव ठेवली होती. तिच्या व्याजातून दहावीत पहिल्या येणाऱ्याला पितळी ढाल, आणि अकरावी-बारावीसाठी वर्षाला २५० रुपये. अट एकच: कॉलेजात नाव घातल्याचा दाखला ३१ जुलैच्या आत शाळेत आणून द्यायचा. दाखला आला नाही तर बक्षीस दुसऱ्या नंबरला.

पहिली आली एक मुलगी. मी तिच्यापेक्षा अकरा मार्कांनी मागं, दुसरा. तिच्या बापाकडं बटईचं वावर होतं, माय निंदणी-वेचणीला जायची. बाईमाणसाची निंदणीची मजुरी तेव्हा चार-पाच रुपये रोज. म्हणजे २५० रुपये हे तिच्या मायच्या पन्नास-साठ दिवसांच्या कामाएवढे. रक्कम लहान नव्हती.

पण अकरावीला विज्ञान घ्यायचं तर उमरखेड गाठावं लागायचं. नाव घालायची फी, एस. टी. चा पास, पुस्तकं, वह्या, अंगावर घालायला दोन जोड. हे सगळं जुलैत. बक्षीस १५ ऑगस्टला, झेंडावंदनानंतर. तिची माय शाळेत आली होती, तेव्हा मी फॉर्मवर सही घ्यायला दाराशी उभा होतो. ती म्हणाली, "गुरुजी, पोरगी हुशार हाय म्हंता तुम्ही. मंग ते पैसे आधी भेटतीन काय? नाव घालून दाखला आणून देतो आम्ही."

गुरुजी वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "बाई, नियमात बसत नाही. आधी प्रवेश, मग पैसे. दाखला आणा, पैसे घेऊन जा."

"दाखला आणाले पैसे लागतात ना गुरुजी," ती म्हणाली.

ह्याच्यावर गुरुजींकडं उत्तर नव्हतं. चाळीस वर्षं झाली, मी अजून कुणाकडून ह्याचं उत्तर ऐकलेलं नाही.

३१ जुलै गेला. १५ ऑगस्टला ढाल माझ्या हातात आली आणि टाळ्या माझ्या नावानं वाजल्या. आमचं घरचं बारा एकर होतं, थोरला भाऊ नोकरीला लागलेला होता. बक्षीस नसतं तरी मी उमरखेडला जाणारच होतो, माझं नाव जूनमध्येच घालून झालं होतं. मग त्या पैशाचं मी काय केलं? पुस्तकं घरच्या पैशानं आली होती. बक्षिसाच्या पैशात थोडे घरचे घालून मी एच. एम. टी. चं घड्याळ घेतलं.

त्या वर्षी पोळ्याच्या पुढं-मागं मी सुट्टीत वावरात गेलो. पऱ्हाटीत बाया निंदत होत्या. त्यांत ती होती. माझ्या मनगटाकडं पाहून तिनं विचारलं, "किती वाजले?" मी सांगितलं, "साडेचार." तिनं मान खाली घातली आणि पुढच्या ओळीला लागली. टोमणा नव्हता त्यात. सुट्टी व्हायला किती वेळ आहे एवढंच तिला पाहिजे होतं. पण मला ते घड्याळ पुढं कधी सुखानं बांधता आलं नाही.

आता हिशेब मांडा. दात्यानं पैसा दिला तो हुशार लेकरू कॉलेजात जावं म्हणून. त्याच्या पैशानं एकही लेकरू कॉलेजात गेलं नाही. जे जाणार होतं तेच गेलं. जे अडलं होतं ते अडलेलंच राहिलं. वर दात्याला समाधान, शाळेला समाधान, मला घड्याळ. कॉलेजात जाण्याची अट घातलेलं बक्षीस गरिबाच्या लेकराला कॉलेजात नेत नाही. ते कॉलेजात पोचलेल्याला वाटेत गाठून हार घालतं. हे माझं म्हणणं आहे, आणि कुणाला राग आला तरी मी ते मागं घेणार नाही.

कुणी म्हणेल, गुरुजी, एका उदाहरणावरून काय ठरवता? तर जरा लांबचं पाहू.

महाराष्ट्रात शाळेच्या परीक्षेवर मिळणारी आणि कॉलेजात कामी येणारी सगळ्यांत मानाची शिष्यवृत्ती म्हणजे जगन्नाथ शंकरशेट. नाना शंकरशेटांच्या नावाची, मॅट्रिकला संस्कृतात पहिलं येणाऱ्याची. १९१२ साली चिंतामणराव देशमुख मॅट्रिकला पहिले आले, त्यांना ती मिळाली. पुढं केंब्रिज, आय. सी. एस., रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. त्यांच्या बुद्धीबद्दल बोलायची माझी पात्रता नाही. पण त्यांचे वडील वकील होते. शंकरशेट मिळाली नसती तर चिंतामणराव कॉलेजात गेले नसते काय? गेलेच असते. त्या शिष्यवृत्तीनं त्यांचा मान वाढवला, वाट उघडली नाही. मानाची गोष्ट म्हणून ती थोर आहे आणि राहो. फक्त तिला गरिबाची शिडी म्हणू नका. ज्या खेड्यातल्या शाळेत संस्कृत शिकवायला मास्तरच नव्हता, तिथल्या लेकराला ती स्वप्नातसुद्धा दिसली नाही.

आता दुसरं उदाहरण पाहा, पाचच वर्षं आधीचं. १९०७ साली भीमराव आंबेडकर मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले. ७५० पैकी २८२ मार्क. एका खोलीच्या बिऱ्हाडात, दिव्याखाली अभ्यास करून मिळवलेले. त्यांच्या कौतुकाची सभा झाली, तीत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेलं बुद्धाचं चरित्र त्यांना भेट दिलं. हा झाला गौरव. त्यात पैसा नव्हता, अट नव्हती, आणि तो पहिल्या नंबरसाठी नव्हता. पुढं कॉलेजात इंटरपर्यंत पोचल्यावर वडिलांची ऐपत संपली. तेव्हा त्याच केळुसकरांनी भीमरावांना सयाजीराव गायकवाडांकडं नेलं आणि महाराजांनी महिना २५ रुपये लावून दिले. ही झाली शिष्यवृत्ती. जिथं गाडी अडली तिथं ती आली.

गौरव वेगळा, मदत वेगळी. केळुसकर गुरुजींना हा फरक कळत होता. आणि सयाजीरावांच्या जागी आमच्या शाळेचा नियम बसवून पाहा. "पहिला नंबर आहे काय?" नाही. "मग बसा घरी." २८२ मार्कांच्या मुलाला आमच्यापैकी कुठल्याच बक्षिसानं विचारलं नसतं. देशाची घटना लिहिणारा माणूस आमच्या गुणगौरवाच्या यादीत आला नसता, हे जरा शांतपणे मनात घोळवा.

अटीचं काय होतं तेही त्याच गोष्टीत आहे. १९१३ साली बडोद्याच्या पैशावर ते अमेरिकेत गेले तेव्हा शिक्षणानंतर दहा वर्षं संस्थानात नोकरी करायचा करार होता. १९१७ मध्ये करारानुसार ते बडोद्याला गेले, तर एवढ्या शिकलेल्या माणसाला त्या शहरात राहायला जागा मिळाली नाही, नोकरी सोडून यावं लागलं. राजा भला होता. अट घालताना मात्र, अट पाळणाऱ्यानं राहायचं कुठं ह्याचा विचार कुणी केला नव्हता. आमच्या ३१ जुलैच्या अटीचं दुखणं तेच.

आता सरकारकडं येऊ. अनुसूचित जातीच्या मुलामुलींना दहावीत ७५ टक्के पडले तर अकरावी-बारावीला राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची गुणवत्ता शिष्यवृत्ती आहे. किती? महिना ३०० रुपये, वर्षाचे दहा महिने. म्हणजे ३,००० रुपये. त्याच सरकारची त्याच समाजासाठी, वसतिगृहात जागा न मिळालेल्यांची स्वाधार योजना आहे. २०१६-१७ ला ती निघाली तेव्हा महानगरपालिका नसलेल्या जिल्ह्याच्या गावी राहून शिकायला वर्षाला ४३,००० रुपये धरले गेले: जेवणाचे २५,०००, राहण्याचे १२,०००, निर्वाहाचे ६,०००. म्हणजे शिकायला घराबाहेर पडलेल्या लेकराला काय लागतं ते सरकारला बरोबर ठाऊक आहे. मग हुशारीचं बक्षीस म्हणून ३,००० देताना तो आकडा कुठं जातो? ज्या थोर राजानं कोल्हापुरात जातीजातींची वसतिगृहं उभी केली, त्याच्या नावाला महिन्याचे ३०० रुपये शोभतात काय?

दुसरी आठवीतली, राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती, मास्तर लोकांच्या तोंडी एन. एम. एम. एस. मी स्वतः पोरांना तिच्यासाठी बसवलं आहे, सुट्टीत तास घेतले आहेत. चांगली योजना आहे. वर्षाला १२,००० रुपये, नववी ते बारावी. पालकाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत लागतं, म्हणजे खरोखर गरजवंतापर्यंत जाते. पण ती बारावीला संपते! चार वर्षं हात धरून लेकराला कॉलेजच्या फाटकापर्यंत आणायचं आणि तिथं हात सोडायचा. आणि दहावीनंतर पुढच्या शाळेसाठी होती ती राष्ट्रीय प्रज्ञाशोध. बारावीपर्यंत महिना १,२५०, पदवीला २,०००. देशातून दोनेक हजार मुलांनाच मिळायची, पण मिळाली की थेट वरच्या शिक्षणापर्यंत साथ द्यायची. १९६३ सालापासूनची ती योजना. मंजुरी मार्च २०२१ पर्यंत होती, ती संपली आणि योजना थांबवली. जी फाटकाच्या आत नेत होती ती बंद, जी फाटकापर्यंत नेते ती चालू.

आता समोरच्याचंही ऐकलं पाहिजे. गेल्या वर्षी आम्ही काही जुन्या विद्यार्थ्यांनी मिळून असंच एक बक्षीस ठेवायचं ठरवलं. बैठकीला माझ्याच वयाचा एक मित्र होता, व्यापारात चांगला जम बसलेला. तो म्हणाला, "गुरुजी, तुमचं सगळं खरं. पण पैसे मोकळे दिले तर कॉलेजात जात नाहीत, पोरीच्या लग्नाच्या बस्त्यात जातात. नाहीतर बापाच्या घशात. अट पाहिजेच."

हा मुद्दा खोटा नाही. मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. आणि अटीचा एक उपयोगही मी पाहिला आहे. माझ्या एका विद्यार्थ्याच्या बापाला पोरगं सालगडी म्हणून ठेवायचं होतं. पोरानं बक्षिसाचं पत्र बापापुढं धरलं. त्यावर 'महाविद्यालयीन शिक्षणासाठी' असं छापलं होतं. ते छापील अक्षर पाहून बाप म्हणाला, "सरकारी कागद हाय, जा मंग." सरकारी नव्हता तो, पण चालला. लेकराच्या हाती असा कागद असणं ही मोठी ताकद आहे. म्हणून 'कॉलेज' हा शब्द बक्षिसातून काढा असं मी म्हणत नाही.

मी म्हणतो, कॉलेज ही अट ठेवू नका, ते वचन ठेवा. "तू नाव घाल, मग आम्ही देऊ" असं सांगणारा स्वतः काहीच धोका पत्करत नाही. सगळा धोका त्या मायनं पत्करायचा. "तू नाव घालायला चल, पैसे आमच्याजवळ आहेत" असं सांगितलं तर निम्मा धोका देणाऱ्याच्या अंगावर येतो. आला तर आला. दान म्हटलं की एवढं व्हायचंच. पैसे दारूत जातील ही भीती असेल तर बापाच्या हातात देऊ नका. कॉलेजच्या खिडकीवर जाऊन फी भरा. पुस्तकांच्या दुकानात भरा. मेसवाल्या बाईला दोन महिन्यांचे आधी द्या. आमच्यातला एक जण अर्धा दिवस मोडून लेकराबरोबर उमरखेडला किंवा पुसदला गेला तर सगळी काळजी मिटते. पण आपल्याला अर्धा दिवस मोडायचा नसतो, म्हणून आपण दाखला मागतो.

दुसरी गोष्ट मुदतीची. ३१ जुलै कशासाठी? एक वर्ष बापाचं आजारपण निघालं, एक वर्ष दुबार पेरणी आली, म्हणून लेकराची हुशारी नासते काय? पैसा पाच वर्षं त्याच्या नावावर राहू द्या. आय. टी. आय. ला गेला तरी द्या, नर्सिंगला गेली तरी द्या, दोन वर्षं कामाला जाऊन मग मुक्त विद्यापीठात नाव घातलं तरी द्या. तिचा पैसा दुसऱ्या नंबरला कधीच देऊ नका. दुसऱ्या नंबरवाल्याला त्याचं काय ओझं होतं ते मला विचारा.

तिसरी गोष्ट गरजेची. पहिला नंबर तलाठ्याच्या किंवा मास्तरच्या लेकराचा असेल तर त्याला ढाल द्या, भरपूर टाळ्या वाजवा, आणि पैसा अडलेल्याला द्या, त्याचा नंबर सातवा का असेना. मास्तरच्या पोराचा अपमान होत नाही त्यात. त्याला घड्याळ घ्यायला बाप आहे.

कुणी सांगेल, आता दिवस बदलले. मुलींना बारावीपर्यंत एस. टी. चा पास फुकट आहे, फीमाफीही पुष्कळ झाली. बदललेच आहेत, आणि बरंच झालं. पण पैनगंगेच्या कडेला आमच्या बंदी भागात जाऊन पाहा. पास फुकट आहे, पण त्या रस्त्यानं गाडी किती फेऱ्या करते? फी माफ झाली तरी खोलीभाडं माफ होत नाही. आणि ऑनलाईन अर्ज, उत्पन्नाचा दाखला, आधारला जोडलेलं खातं हे सगळं करून पैसा खात्यात पडेपर्यंत बहुतेक वेळा परीक्षा आलेली असते. जूनचं दुखणं आहे, औषध मार्चात. ते काम सरकारला जमत नसेल तर गावातल्या बक्षिसानं करावं. गावाकडं रक्कम थोडी असते, पण निकालाच्या दुसऱ्या दिवशी रोख हातात ठेवणं गावालाच जमतं. तीच आपली एक ताकद, आणि तीच आपण १५ ऑगस्टच्या भाषणासाठी अडवून ठेवतो.

ही बैठक व्हायच्या आधी मी तिच्याकडं गेलो होतो. आता तिला नातवंडं आहेत. शाळेत असताना आम्ही एकमेकांशी धड बोललो नव्हतो. आता मी तिला ताई म्हणतो, ती मला गुरुजी म्हणते. मी तिला स्पष्टच विचारलं, "ताई, ते पैसे तुमचे होते. तुम्हाला काय वाटतं?"

ती हसली. म्हणाली, "पैशाचं काय गुरुजी, तवाच सरले असते ते. पण मही नात त्या शाळेत जाते. मी तिले सांगतलं का म्या पयली आली होती. तिनं हापिसातला फळा पाह्यला. म्हंते, आजी, तिथं तं गुरुजीचं नाव हाय."

मला हे माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. त्या फळ्यासमोरून मी हजारदा गेलो आहे. १९८४ च्या पुढं माझं नाव आहे. बक्षीस दुसऱ्या नंबरला गेलं म्हणून नावही दुसऱ्या नंबरचं रंगवलं. तिला पैसे मिळाले नाहीत हे एक वेळ गरिबीवर ढकलता येईल. तिचा नंबर मात्र कुणी गरिबीनं काढून घेतला नाही. तो आमच्या नियमानं काढून घेतला. बक्षीस आणि शिष्यवृत्ती एका दोरीला बांधली की असं होतं: पैसा गेला की मानही जातो.

बैठकीत मी माझं म्हणणं मांडलं. मुदत पाच वर्षांची झाली, पैसे निकालाच्या आठवड्यात द्यायचे ठरले. गरजेच्या मुद्द्यावर वाद झाला, तो अजून मिटलेला नाही. पैसा पहिल्या नंबरलाच पाहिजे असं म्हणणारे अजून जास्त आहेत, आणि मी त्यांच्याशी भांडतो आहे.

फळ्यासाठी मी शाळेकडं लेखी अर्ज दिला आहे. १९८४ च्या निकालपत्रकाची नक्कल जोडली आहे, तीत पहिलं नाव कुणाचं ते स्वच्छ दिसतं. "इतक्या जुन्या गोष्टी कशाला उकरता गुरुजी," असं मला सांगण्यात आलं. रंगाचा आणि पेंटरचा खर्च मी देतो असं अर्जात लिहिलं आहे. तिची नात यंदा नववीला आहे. ती दहावी होऊन शाळेतून बाहेर पडायच्या आत त्या ओळीवर तिच्या आजीचं नाव दिसलं पाहिजे. ही मुदत मात्र मी घातलेली आहे.